बेगिनतीची भाकर

आमच्या गावाजवळ सडकेला पोट आलेलं आहे. बीडहून केजकडं निघालं की नेकनूर मागं पडतं, आणि शहाण्यासारखी सरळ चाललेली सडक मध्येच काही कारण नसताना उजवीकडं फुगते, आमच्या वेशीला घासते आणि श्वास आत ओढून घेतल्यासारखी पुन्हा सरळ होते. नवखा माणूस हटकून विचारतो, "हे वळण कावून?" शिकलेले लोक सांगतात, तिथली जमीन पाणी धरते. सांगोत बापडे. ती जमीन पाणी धरत असती तर आमच्या आजोबांनी तिथं कुसळं कशाला पिकवली असती? ते पोट एका इंग्रज साहेबाचं आहे, आणि ते आलं आमच्या इंग्रजी मास्तरांमुळं. मी त्या पंगतीला वाढायला होतो.

काळ निजामाचा. सरकारी भाषा उर्दू, घरातली मराठी, बाजारातली दोन्हींची खिचडी. इंग्रजी म्हणजे हैदराबादेत राहणारी, कुणी कधी न पाहिलेली श्रीमंत मावशी. तिच्या घरचा पहिला माणूस आमच्या गावात आला तो मिठाच्या गाडीतून. बाजाराचा दिवस होता. पोत्यांच्या थप्पीवर एक काटक, लांबोडका इसम बसलेला. भर उन्हात अंगात काळा कोट, आणि कोटाच्या काजातून दोरीनं लोंबणारा चांदीचा चमचा. चमचा चांदीचा नव्हता, पण तो चांदीचा आहे असं त्यानं इतक्यांदा सांगितलं की शेवटी चमच्यालाही ते पटलं आणि तो चकाकायला लागला.

गाडी थांबली. आमचा मापारी पोती उतरवून घ्यायला पुढं झाला. मापारी म्हणजे बाजारात धान्य मापून देणारा, पल्लेदार आवाजाचा माणूस. त्याचं एक ओरडणं नेकनूरला ऐकू जायचं आणि तिथले लोक आपापले भाव बदलायचे. त्यानं पोतं उचललं तसा हा इसम वरून कडाडला, "थांब! पोती मोज. मीठ मोजू नको. सॉल्ट! बेगिनती!"

मापारी म्हणाला, "मीठ कोन मोजतंय बे? याड लागलंय का?"

"शाबास," इसम खाली उतरत म्हणाला, "तुला इंग्रजी येतं."

मापाऱ्याच्या घराण्यात त्या दिवसापर्यंत कुणाला काहीच आलं नव्हतं. तो जागच्या जागी शिष्य झाला.

मास्तर मूळचे कुठले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सोमवारी ते सांगत की सिकंदराबादच्या छावणीत आपण गोऱ्या पलटणीला इंग्रजी शिकवत होतो. गोऱ्यांना इंग्रजी शिकवायची काय गरज, असं विचारलं तर म्हणत, "येत होतं, पण जेवताना विसरत होते." बुधवारी ते एका पादऱ्याच्या घरी वाढलेले असत. शनिवारी तर खुद्द विलायतेच्या बोटीवर चढून, समुद्राचं पाणी खारट आहे हे चाखून, परत उतरलेले. आम्ही तिन्ही गोष्टींवर विश्वास ठेवला. वारानुसार देव बदलतो, हे आम्हाला सोमवारच्या महादेवामुळं आणि शनिवारच्या मारुतीमुळं ठाऊक होतंच; मग माणूस का नाही?

गावाच्या देशमुखांना नेमका तेव्हा इंग्रजीचा घोर लागला होता. बीड ते केज पक्की सडक होणार, तिची आखणी करायला एक गोरा साहेब घोड्यावरून निघालाय, अशी बातमी होती. साहेबानं आखलेली रेघ आमच्या गावापासून चांगली कोसभर लांबून जात होती. सडक लांबून गेली की बाजार लांबून जाणार, बाजार गेला की देशमुखांचा रुबाब जाणार. देशमुखांचा हिशेब सोपा होता: साहेबाला जेवायला बोलवायचं, पोटात शिरायचं, आणि पोटातून सडक ओढून आणायची. पण जेवताना साहेबाशी बोलणार कोण?

"मी गावाला बोलायला शिकवतो," मास्तर म्हणाले.

"पगार काय घ्याल?"

"पगार नको. सात वार द्या."

वार लावून जेवणं आमच्याकडं जुनंच. गरीब विद्यार्थी, भिक्षुक, एकटा पंतोजी, यांना सात घरं सात वार वाटून घेत; सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. धर्म होतो आणि कुणावर भारही पडत नाही. गुरुवार आमच्या घरी आला. भार पडत नाही हे ज्यानं ठरवलं, त्यानं मास्तरांना जेवताना पाहिलेलं नव्हतं.

चावडीच्या ओट्यावर वर्ग सुरू झाला. विद्यार्थी सगळे मिशीवाले. देशमुख स्वतः लोडाला टेकून, मापारी मांडी घालून, मी आणि पाच-पंचवीस बाप्ये. शेजारी करीमचाचा आपली फळांची पाटी घेऊन बसायचे. ते शिकायला नव्हते, धड्यासाठी लागणारा माल पुरवायला होते. कारण मास्तर फक्त खाण्याचं इंग्रजी शिकवत. मी एकदा विचारलं, "मास्तर, 'बस', 'ऊठ', 'घोडा', 'झाड' असं काही?" त्यांनी चमचा माझ्यावर रोखला. "इंग्रज झाडावर राज्य करतो का? टेबलावरून करतो. टेबलावर जे येतं तेवढं शिक. बाकीचं टेबलाखाली."

त्यांच्या मते परमेश्वरानं सृष्टी निर्माण केली ती दोनच ढिगांत: गिनतीचं आणि बेगिनतीचं. चमच्यानं टण्ण करून ओट्याचा दगड वाजवायचा आणि वस्तू पुढं धरायची. "मँगो!" वर्ग ओरडे, "गिनती!" "मिल्क!" "बेगिनती!" "बनाना!" "गिनती!" "बटर!" "बेगिनती!" आवाज असा चढे की चावडीवरची कबुतरं दुपारपर्यंत लिंबागणेशला जाऊन देवळावर बसत, आणि तिथल्या गुरवाला कळे की आमच्याकडं लोण्यापर्यंत धडा आला.

पहिला पेच कांद्यानं घातला. "ओनियन, गिनती," असं मास्तर म्हणाले मात्र, एक कास्तकार उभा राहिला. त्याच्या खळ्यावर कांद्याची टेकडी पडलेली. "माझ्या वावरात या आन् मोजून दावा. आमी कांदा कधी मोजला न्हाई, आमी त्यावर चढतो."

"विलायतेत कांदा मोजतात."

"मंग लई गरीब असतील बिचारे."

दुसरा पेच तांदळाचा. "राइस, बेगिनती." यावर सगळा वर्ग पोट धरून हसला. ज्वारीचा आमचा मुलूख. भात म्हणजे लग्नाच्या पंगतीत पानाच्या कोपऱ्यात वाढतात ती कौतुकाची टिकली. आमच्या गावात भाताची शितं मोजता येत, नव्हे, मोजली जात. कुणाच्या लग्नात किती शितं आली यावरून सोयरिकी मोडलेल्या होत्या. मास्तर चिडले नाहीत. "देश बदलला की गिनती बदलते," म्हणाले. "म्हणून तर भाषा शिकायची."

मापाऱ्याचा पेच मात्र मास्तरांनाच शिकवून गेला. आमच्याकडं माप टाकताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, अशुभ. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं चालतं. करीमचाचांच्या बिरादरीत 'बरकत' म्हणतात. बरकत, दो, तीन. मास्तरांनी आंब्यांची रास पुढं ठेवून मापाऱ्याला मोजायला सांगितलं. मापारी डोळे मिटून गरजला, "लाभ मँगो! टू मँगोज!"

मास्तरांचा चमचा हवेतच राहिला. आम्हाला वाटलं, आता बसतो डोक्यात. पण मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. "अरे, इंग्रजही पहिल्याला एक म्हणत नाही रे. तो म्हणतो 'अ मँगो'. मी आजवर विचार करत होतो की तो एक कावून म्हणत नाही. त्याचाही लाभच असणार." त्या दिवशी चावडीवर असं ठरलं की इंग्रज हा मूळचा आपल्याच बाजारातला मापारी, समुद्रावर वाट चुकलेला. देशमुखांनी ते मान्य केलं आणि गूळ वाटला. गूळ बेगिनती.

सीताफळ आलं तेव्हा तर वर्गाचं युद्धच झालं. फळ गिनतीचं, हे सगळ्यांना कबूल. गर बेगिनतीचा, हेही कबूल. पण बिया? मास्तर म्हणाले, "बिया गिनतीच्या आहेत, पण मोजणारा मरतो." करीमचाचा म्हणाले, "हमारे दादा गए वैसेच." धडा संपला की सामान मास्तरांच्या पोटात जायचं. शिकवलेलं मागं ठेवलं तर विसरायला होतं, असा त्यांचा सिद्धांत होता.

आणि आता भाकर.

"ब्रेड म्हणजे भाकर," मास्तरांनी सांगितलं, "आणि ब्रेड बेगिनती."

मग देशमुख हळूच म्हणाले, "साहेब घरंदाज दिसतोय."

कारण आमच्याकडं सगळं मोजतील, पण जेवणाऱ्याची भाकर मोजणार नाहीत. भाकर मोजली की घरची बरकत गेली. बाया टोपलीत भाकरी थापून टाकतात, पण किती टाकल्या हे स्वतःलासुद्धा सांगत नाहीत. कुणाचे घास मोजले यापेक्षा मोठी शिवी आमच्या बोलीत नाही. तेव्हा इंग्रजांच्या भाषेतही भाकर मोजत नाहीत, हे कळल्यावर गावाचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा मात्र ताटात. ते गुरुवारी आमच्या घरी येत, कोट काढून खुंटीला लावत, चमचा गळ्यात अडकवत (चमच्यानं कधी खाल्लं नाही, चमचा शिकवायचा, हात खायचा), आणि भाकरीला बसत. किती खात? कसं सांगू? मोजायची सोय नव्हती. एवढं सांगतो की ते जेवायला बसताना चुलीत घातलेली गवरी ते उठेपर्यंत राख होऊन थंड होई, आणि आमचं जातं बुधवारी रात्रीपासूनच कण्हायला लागे. माणूस मात्र तुरीच्या काडीसारखा. एवढं अन्न जायचं कुठं? मला वाटतं ते थेट इंग्रजीत जायचं.

भाकरी करायची माझी चुलती, आम्ही तिला काकू म्हणायचो. तिच्यासारखी भाकर बालाघाटच्या डोंगरात दुसरी नव्हती. तव्यावर अशी फुगायची की वरून झाकण ठेवावं लागे, नाहीतर आढ्याला जाऊन चिकटायची. पण जिभेनं तिखट. मोजायचं नाही या रीतीनं तिचं तोंड बांधलेलं, आणि तेच तिला सोसेना. एके दिवशी ती पिठाच्या हातानं तडक चावडीवर आली. सगळे उभे राहिले, देशमुखसुद्धा.

"ह्या मुडद्याला इंग्रजी येतंय का नुसती भाकर खाता येतीया, ह्ये एकदा ठरू द्या," काकू म्हणाली. "त्यो साहेब येणार हाय नव्हं? येऊ द्या. त्याचं बोलणं ह्यानं नीट उलगडून सांगितलं, तर माझा हात चालतोय तवर गुरुवारची भाकर मी घालीन. न्हाई सांगितलं, तर सातबी वार बंद. आलाय त्या मिठाच्या गाडीनं माघारी जायाचं."

देशमुखांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी कोटाची सगळी बटणं लावली आणि म्हणाले, "कबूल." पण तो गुरुवार असून त्या दिवशी त्यांनी भाकर खाल्ली ती हळूहळू, प्रत्येक घासाकडं पाहत. सात घरं सोडली तर त्या माणसाला जगात दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. एक कोट, एक चमचा आणि सात वार.

साहेब आला शुक्रवारी. लाल, गोल, भुकेला. देशमुखांनी दाराचं एक कवाड काढून त्याचं टेबल केलं. भाकरी करायला अर्थात काकू. ती आत चुलीपाशी, दाराच्या फटीला कान लावून. साहेबाबरोबर उर्दू जाणणारा एक अर्दली होता, पण जुम्याचा दिवस, तो नमाजाला मशिदीत गेला आणि तिथून करीमचाचांनी त्याला जेवायला ओढून नेला. साहेब आणि गाव यांच्यामध्ये उरले एकटे मास्तर.

ताट आलं. भाकर, लोण्याचा गोळा, येसराची आमटी, आणि ठेचा. साहेबानं ठेच्याला मुरंबा समजून बोट भरून तोंडात घातलं. लाल साहेब पांढरा झाला, मग निळा, मग पुन्हा लाल. "वॉटर!" तो ओरडला.

"वॉटर!" मास्तर आनंदानं नाचले. "बेगिनती!" आम्ही अख्खी घागर आणून ठेवली. गावात कुजबूज झाली: येतंय, मास्तरला इंग्रजी येतंय.

मग साहेबानं लोणी लावून भाकरीचा तुकडा मोडला. थांबला. दुसरा मोडला. भाकर संपली आणि तो स्वच्छ म्हणाला, "सम मोर ब्रेड."

मास्तरांनी छाती पुढं काढली. "भाकर मागतात. बेगिनती मागतात!" आत काकूनं परातीवर थाप मारली ती आम्हाला बाहेर ऐकू आली. पैज जवळजवळ मास्तरांनी मारली होती.

वाढायला मी आणि देशमुख. साहेबानं खाल्लं, आम्ही वाढलं, खाल्लं, वाढलं. मग साहेबानं ताटावर आडवा हात धरला. आता आमच्याकडं ताटावर आडवा हात धरणं ही खानदानी पाहुण्याची रीत आहे. नको नको म्हणणं पाहुण्याचं काम, हात बाजूला सारून वाढणं यजमानाचं. हात न धरणारा पाहुणा हावरट. "लई संस्काराचा हाय साहेब," देशमुख कौतुकानं म्हणाले आणि बोटांच्या फटीतून भाकर सरकवली.

साहेब म्हणाला, "इनफ."

देशमुखांनी विचारलं, "मास्तर, काय म्हणाले?"

मी मास्तरांच्या शेजारीच होतो. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला. तो शब्द त्यांना येत नव्हता. गिनतीतला नाही, बेगिनतीतला नाही. त्यांनी दाराच्या फटीकडं पाहिलं, सात वारांकडं पाहिलं, आणि म्हणाले, "म्हणतात, फार उत्तम."

"वाढा मग!"

"इनफ! इनफ!"

"आता काय म्हणाले?"

"लईच उत्तम."

आत काकूला भरून आलं. जन्मात तिच्या भाकरीला कुणी एवढ्या मोठ्यानं चांगलं म्हटलं नव्हतं. तिनं थापायचा वेग असा वाढवला की चुलीतून भाकर थेट उडत येऊन ताटात पडायला लागली. साहेबानं पट्टा सैल केला. मग बटणं. मग खुर्ची. तो दोन्ही हातांनी ताट झाकून "इनफ!" म्हणून बोंबलत होता आणि आख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. असा रसिक पाहुणा पाहिला नव्हता.

तेवढ्यात अर्दली दात कोरत आला आणि दारातच ओरडला, "अरे, क्या कर रहे तुम लोगां! साब कब के बस बोल रहे, बस! पेट फट जाइंगा उनका!"

टाळ्या थांबल्या. काकू बाहेर आली. हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे.

"म्हंजी," ती म्हणाली, "त्यो मगाधरनं माझी भाकर नको म्हनत व्हता?"

साहेब तेवढा कण्हला.

"मास्तरा. तुला त्यो शबूद आला न्हाई."

"नाही आला," मास्तर म्हणाले. त्यांनी गळ्यातला चमचा काढून कवाडावर ठेवला. "बाकीचे सगळे येतात, काकू. हा एकच येत नाही. शिकायची वेळच आली नाही. हा शब्द पोट भरल्यावर लागतो."

काकूनं त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, गेलं, आता मिठाची गाडी. पण काकूच्या डोक्यात भलतंच पेटलं होतं.

"म्हंजी माझ्या घरनं तू उपाशी उठत व्हतास?"

मास्तरांनी खाली पाहिलं. भाकर मोजत नाहीत तशी भूकही मोजत नाहीत. पण उत्तर सगळ्यांना कळलं.

"उचल त्यो चमचा," काकू गरजली. "न्हाई जायाचं कुठं. त्यो शबूद तुज्या तोंडातनं काढीन, तवाच चूल इझवीन!"

साहेबाला घोड्यावर चढवायचे सगळे उपाय हरले. रिकिबीत पाय गेला, पण पोट खाली राहिलं. शेवटी त्याला वेशीबाहेर लिंबाखाली बाजेवर निजवला. मजूर झेंडे घेऊन आले, साहेब, रेघ कुठं आखायची? साहेबाला कूस बदलता येत नव्हती. त्यानं निजल्या निजल्या, बाजेवरून दिसेल तेवढ्यात, बोटानं खूण केली. झेंडे बाजेच्या भोवतीनं लागले, आणि सडक साहेबाच्या पोटाला वळसा घालून आमच्या वेशीला येऊन मिळाली. देशमुखांनी नारळ फोडला. मास्तरांचे वार पक्के झाले.

पक्के कसले, सोन्याचे झाले. मास्तरांचं बोलणं गावभर झालं होतं. गुरुवारच्या घरनं उपाशी उठतो, मग आमच्या सोमवारचं काय? शुक्रवारवालीनं ऐकून रडून घेतलं. साती घरच्या बाया इरेला पडल्या: 'इनफ' आपल्याच घरी म्हणवून घ्यायचं. एकीनं धपाट्यांचा मारा केला, दुसरीनं पुरणाचा. बाहेरगावचे लोक सडकेनं बैलगाड्या जोडून बघायला यायचे. मापारी पंच म्हणून बसायचा. एकदा सवयीनं "लाभ, दोन" असं ओरडून गेला तर काकूनं उलथनं फेकून मारलं, आणि तेव्हापासून तो पंचकी डोळे मिटून, कानांत बोटं घालून करायचा. मास्तर शांतपणे जेवत, हात धुवत, म्हणत, "बरं होतं." एवढंच. हैदराबादेत खुद्द निजामाचं पोट तेव्हा इतक्या इमानानं कुणी भरत नसेल. वर्षं गेली. मास्तरांचे केस पिकले, कोट विरला, काडी काडीच राहिली. तो शब्द आला नाही.

मग काकू थकली. हात थरथरायला लागले, घरात सुना आल्या, चूल त्यांच्याकडं गेली. पण गुरुवार तिनं सोडला नाही. "माझा हात चालतोय तवर," ती म्हणायची.

एका गुरुवारी, सीताफळांच्या दिवसांत, मास्तर येऊन बसले. काकू चुलीपाशी सरकत आली. पीठ मळायलाच तिला इतका वेळ लागला की मास्तरांनी कोटाची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. भाकर थापताना कडेनं तडकली. तव्यावर टाकताना वाकडी पडली. एका अंगानं करपली, एका अंगानं कच्ची. तिनं ती ताटात टाकली आणि दुसरीसाठी पिठात हात घातला. हात पिठातच राहिला. तिला धाप लागली होती. सून पुढं झाली तर तिनं डोळ्यांनीच मागं सारली.

मास्तरांनी ती भाकर खाल्ली. करपलेली बाजू खाल्ली, कच्ची बाजू खाल्ली, ताटातला चुरा बोटानं टिपला. नुसता लाभ झाला होता. मापाऱ्याच्या मोजणीत ज्याला अजून एकसुद्धा म्हणत नाहीत. मग त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"इनफ," मास्तर म्हणाले.

काकूनं मान वर केली. "काय म्हनलास?"

"इनफ, काकू. पुरे. पोट भरलं."

मग तिच्या बोळक्यातून असं हसू फुटलं की चुलीतली राख उडाली. "हारलास की रं मुडद्या! हारलास!" तिनं सुनांना हाक मारली, शेजारणींना हाक मारली, मला साखर वाटायला धाडलं. मापारी आता म्हातारा झाला होता, तरी वेशीवर उभा राहून त्यानं असा पुकारा केला की नेकनूरच्या बाजारानं पुन्हा एकदा भाव बदलले. त्यानंतर काकू चुलीपाशी बसली नाही. जिंकल्यावर कोण बसतं?

साखर वाटत वाटत मी संध्याकाळी मशिदीमागच्या चिंचेखालून निघालो होतो. तिथं करीमचाचांची पाटी होती. पाटीपुढं मास्तर बसले होते. कोट काढलेला, बाह्या वर सारलेल्या, आणि फोडलेल्या सीताफळात तोंड खुपसलेलं. आजूबाजूला टरफलांचा आणि बियांचा ढीग. करीमचाचा काही न बोलता एकेक फळ निवडून पुढं ठेवत होते.

मास्तरांनी मला पाहिलं. तोंडातला गर गिळेपर्यंत थांबले आणि चमचा पाटीकडं करून म्हणाले, "गिनतीची आहेत. मोज हवं तर."

मी चिंचेच्या खोडाला पाठ लावली आणि तोंड सडकेकडं फिरवून उभा राहिलो. पोट फुगलेली आमची सडक उतरत्या उन्हात पडली होती. मागं फळं फुटल्याचे आवाज येत होते.

किती खाल्ली म्हणता? आमच्या गावात मोजत नाहीत.